खुणेची रिबन

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. आई आष्ट्यात लोकांच्या रानात तण भांगलायला जायची. पावसाळ्यात पत्र्याखाली कोरडा कोपरा एकच, तिथं माझं दप्तर आणि शास्त्राचं पुस्तक, म्हणजे घरातलं बायबल. आई शाळेत गेली नव्हती. त्यातलं मेंढपाळाचं स्तोत्र तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी एका घरी प्रार्थना असते आणि स्तोत्र त्या घरच्या बाईनं वाचायचं. आई लाल रिबनीच्या खुणेवर पुस्तक उघडायची, ओळींवरनं बोट फिरवायची आणि पाठ म्हणायची. मंडळीला माहीत होतं. कुणी कधी बोललं नाही.

घराण्यात पहिला बी.कॉम. मी झालो. त्या आठवड्यात चर्चच्या पाळकांना काही दाखवायच्या नादात पुस्तक चाळलं आणि रिबन भलत्याच पानात ठेवली. बुधवारी आईनं तिथंच उघडून सुरुवात केली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, पान चुकलंय. हितनं वाच."

तिचं बोट थांबलं. "चष्मा न्हाई रं," ती म्हणाली. तिला चष्मा नव्हताच कधी. शेजारच्या काकूंनी घाईनं गाणं धरलं.

पुढं आमच्या घरी प्रार्थना आली की ती पुस्तक माझ्या मांडीवर ठेवायची. "तू वाच. शिकलेला हाईस." मी शिरवळला नोकरीला लागलो. फोनवर ती 'जेवलास का' एवढंच विचारायची. मी खरं तेच बोललो होतो, असं दोन वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

यंदा चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळक नेहमीसारखं म्हणाले, कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवून या. दर वेळी ऐकून मी भाकर घ्यायचो. या वेळी हात पुढं होईना. भाकर न घेताच ताट पुढं सरकवलं. शेजारी आईनं ते पाहिलं.

घरी आल्यावर म्हणालो, "रिबन मीच हलवली होती."

"ते मला तवाच कळलं. पर तसं बोललास कशाला?"

"शिकलोय ते दाखवायला."

"लय दाखवलंस गड्या," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मी ताटं घेतली.

"बुधवारी आपल्याकडं हाय," ती तव्याकडं बघत म्हणाली. "पुस्तक नगं काढूस."

त्या बुधवारी आईनं स्तोत्र सगळ्यांसमोर तोंडपाठ म्हटलं. पुस्तक फळीवरच होतं.