ट्यूबावाल्याचा मिन्युएट

स्पेनमधल्या आमच्या व्हॅलेन्सियाच्या मुलखात एखाद्या गावाला दवाखाना नसेल, पण बँड असतोच. आमच्या बँडात बातिस्तकाका उभा जन्म ट्यूबा वाजवत आले. ट्यूबा म्हणजे माणसाला अर्धं गिळून बसलेला पितळी भोंगा. त्याच्या वाट्याला चाल येत नाही. बाकीच्यांनी गायचं, यानं खाली 'पोंम, पोंम' करायचं. मी क्लॅरिनेट घेऊन त्यांच्या पुढ्यात बसायचो, म्हणून माझा एक कान आजही जरा कमीच ऐकतो.

हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काकांचं फुंकणं बंद केलं. त्यांची बायको फिनेताकाकू म्हणाली, "सुटले बाई! लग्न झाल्यापासून या माणसानं मला एक धड चाल ऐकवली नाही. नुसतं पोंम!"

हे काकांना लागलं. त्यांनी गिटार आणली आणि संगीतशाळेत रेमेईबाईंकडे जाऊ लागले. बाईंनी दोनशे वर्षांपूर्वीचा एक मिन्युएट दिला. दरबारी नाचाची, तीन मात्रांची नाजूक चाल. तारा छेडायला काकांनी उजव्या हाताची नखं वाढवली. बारमध्ये पत्ते पिसताना लोक विचारायचे, "बातिस्त, नेलपॉलिश कुठलं लावणार?" काका नख जपत ऑलिव्ह उचलायचे.

नखं वाढली, पण अंगठा ऐकेना. गिटारवर खालचे स्वर अंगठ्याकडे, आणि काकांचा अंगठा म्हणजे ट्यूबाच. "हळू हो काका," रेमेईबाई विनवायच्या, "राजवाड्यात नाचतायत ते, मिरवणुकीत नाही!" हिवाळाभर काकूला स्वयंपाकघरात भिंतीपलीकडून ऐकू यायचं: पोंम, आणि त्यामागून धापा टाकत येणारी चाल.

संगीतशाळेच्या कार्यक्रमात दुधाचे दात पडलेल्या मुलांनंतर काकांचा नंबर आला. काकू पहिल्या रांगेत, घडीचा पंखा हलवत. सुरुवात बरी झाली. मग बोटं चाल विसरली. अंगठा मात्र थांबेना. मिरवणूक संपेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्याला आयुष्यभर शिकवलेलं. सभागृहात नुसतं पोंम, पोंम.

"अरे, ति-रा-रि!" काकू ओरडली. "तिथं ति-रा-रि आहे!"

काका लालबुंद. बोटं गप्पच.

काकूनं फटकन पंखा मिटला आणि चिडून स्वतःच चाल गायला लागली. अथपासून इतिपर्यंत, एक वळण न चुकता. काका मान खाली घालून साथ करत राहिले.

घरी जाताना ते पडेल आवाजात म्हणाले, "फिनेता, तुला चाल ऐकवायची होती गं."

"मग मला पाठ कशी झाली?" काकू म्हणाली. "आणि उद्यापासून अंगठा जरा हळू. माझा आवाज बुडतो."