घरमालकांच्या क्लबातला नवा सभासद

जगातली निम्मी दुःखं डांबरी रस्त्यांमुळे निर्माण झाली आहेत असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सोपाऱ्याजवळच्या एका शाळेत मास्तर म्हणून मी रुजू झालो आणि त्यांच्या केळीच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहायला गेलो. पहिल्या दिवशी ते मला स्टेशनवर घ्यायला आले, ते लष्कराने मोडीत काढलेल्या जीपमधून. समोर चांगला सरळ रस्ता होता. आजारी माणसाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे कणवेने बघितलं आणि गाडी खाली भातशेतात घातली. पहिल्या बांधावर माझी ट्रंक उडाली, दुसऱ्यावर मी उडालो. "मास्तर, आता तुम्हाला वसई कळली," असं ते समाधानाने म्हणाले. मला तेव्हा फक्त माझी कंबर कळली होती.

चर्च त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण रविवारी ते मिठागराच्या कडेने असा काही वळसा घालत की पोहोचेपर्यंत प्रवचन संपलेलं असे. निदान ईस्टरला तरी रस्त्याने या, अशी फादरांनी त्यांना विनंती केली होती म्हणतात. डबकं दिसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या जीपला गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळे. तो दांडा ओढताना, बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणाऱ्या आत्याचा भाव त्यांच्या तोंडावर यायचा. घरमालकीणबाई मात्र त्या गाडीचं नावसुद्धा घेत नसत. "ती आली का?" एवढंच विचारत. सुरुवातीला मला वाटायचं की त्या मुलीची चौकशी करताहेत. त्यांना मुलगी नव्हती. नवराबायको आपसात त्यांच्या बोलीत बोलत, ती मला निम्मीच कळे. माझ्याशी मात्र घरमालक छापील मराठी बोलत, कारण मास्तरांशी तसंच बोलायचं असतं अशी त्यांची समजूत होती.

असल्याच जीपा बाळगणाऱ्या पाचसहा जणांचा त्यांनी क्लब काढला होता. त्यात एक भातगिरणीवाले होते, एक बोळिंजचे डॉक्टर होते, बाकीचे वाडीवाले. दर हिवाळ्यात एक शनिवार-रविवार कळंबच्या सुरूच्या बनात तंबू ठोकून नव्या सभासदांचं स्वागत होई. स्वागताची रीत घरमालकांनी स्वतः ठरवलेली. नव्या माणसाने आपली गाडी खाडीकाठच्या चिखलात घालायची आणि रुतवायची. मग सगळ्यांनी मिळून ती बाहेर काढायची. "गाडी चालत असताना सगळेच सज्जन असतात. रुतल्यावर माणूस काय बोलतो ते ऐकायचं," असं त्यांचं म्हणणं. एकाने गाडीला शिव्या घातल्या, त्याला पुढल्या वर्षी यायला सांगितलं. मुंबईच्या एकाने शेजारी बसलेल्या बायकोला दोष दिला, त्याला चहा पाजून कायमचा निरोप दिला. बोळिंजचे डॉक्टर पोट धरून हसत सुटले, त्यांना जागच्या जागी हार घातला. गाडी निघाली की नव्या सभासदाला उभं करून तीन प्रश्न विचारायचे. आपण कुठले? कशासाठी आलात? आपल्याला भीती कशाची वाटते? तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी "सासूबाईंची" असं उत्तर दिलं होतं, ते त्यांना अजून महागात पडत होतं.

क्लब काढला तेव्हाच्या उत्साहात घरमालकांनी आणखी एक नियम करून ठेवला होता. ज्या वर्षी एकही नवा सभासद येणार नाही, त्या वर्षी क्लब बंद. तेव्हा माणसं रांग लावून येत होती, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नाही. पण गावोगाव डांबर पोहोचलं, सभासदांच्या पाठी कुरकुरायला लागल्या, गिरणीवाल्यांच्या दारात फियाट आली. मी सांगतो त्या वर्षी नव्यातलं एकच नाव होतं, ते म्हणजे डॉक्टरांचे मेहुणे. या एका माणसासाठी घरमालकांनी आठवडाभर जीप घासली, बायकोच्या जुन्या साड्यांच्या पताका केल्या, स्वागताचं भाषण पाठ करून ते केळींना म्हणून दाखवलं. तंबू ठोकायला मलाही बरोबर नेलं. त्या गडबडीत रविवारच्या जेवणाचं मटणाचं पातेलं स्वयंपाकघरातच राहिलं.

रविवारी सकाळी दवाखाना उरकून डॉक्टर आले, ते एकटेच. मेहुण्यांनी जीप विकून फियाट घेतली होती. गिरणीवाले तसे मनाने चांगले, पण त्यांच्या मणक्यात गॅप आली होती. "नियम तुमचाच आहे हो," ते हळूच म्हणाले, "आता पुरे करू या." मी सभासद व्हायची तयारी दाखवली, पण माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. घरमालकांची जीप घ्यावी, तर मला चालवता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, मला काढून टाका आणि पुन्हा नवा म्हणून घ्या. घरमालकांनी मानेनेच नकार दिला. नियमाला पळवाट काढणं त्यांना जमलं नसतं. ते उठले आणि एकेक पताका सोडून घडी घालायला लागले. त्या माणसाला कुठलीही गोष्ट इतकी सावकाश करताना मी पाहिलं नव्हतं. मुलंबाळं नसलेल्या त्या घरात वर्षभर कुणाची वाट पाहायची असे ती या दोन दिवसांचीच, हे मला ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बनाच्या तोंडाशी टांगा थांबला. पातेलं घेऊन घरमालकीणबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, पताकांकडे बघितलं आणि काय झालं ते मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पातेलं वाळूत ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. उन्हातून आल्या आहेत, सावलीला टेकल्या असतील असं आम्हाला वाटलं, तोवर इंजिन सुरू झालं.

"तुम्हाला चालवता येते?" गिरणीवाल्यांनी विचारलं.

"रोज ही बया माझ्या सुकेळी वाळवायच्या जागेवर उभी असते," त्या म्हणाल्या. "हे वाडीत गेले की तिला हलवतं कोण? आणि हे यायच्या आत परत जागेवर लावतं कोण?"

घरमालकांच्या हातातली पताका खाली पडली. संध्याकाळी जीप थोडी सरकलेली दिसते ती अंगणाच्या उतारामुळे, असं त्यांनी आम्हा सर्वांना कैकदा समजावून सांगितलं होतं. बाईंनी गाडी सरळ खाडीकडे नेली, चांगला मऊसा चिखल बघून आत घातली आणि आसापर्यंत रुतवली. आम्ही सगळे काठावर कान टवकारून उभे. त्या काय बोलतात इकडे सर्वांचं लक्ष. त्यांनी स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवले, वळून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या आता."

आम्ही धावलो. सगळ्यांत पुढे घरमालक, गुडघाभर चिखलात. काठावर जाळं निवडत बसलेली एक कोळीण म्हणाली, "पानी चढाया लागलंय. काढायची तं आताच काढा." गिरणीवाले आपला मणका विसरले, मी माझ्या चपला गमावल्या, पण गाडी निघाली.

घरमालकांनी हात धुतले, केस सारखे केले आणि ते बायकोसमोर येऊन उभे राहिले. सभेची रीत म्हणून त्यांनी छापील मराठीत विचारलं, "आपण कुठल्या?"

"आगाशीच्या. तुम्हीच नाही का आणलंत?"

"कशासाठी आलात?"

"पातेलं विसरलात म्हणून."

सगळे हसले. तेही हसले. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. पदराचं टोक सोडून बाईंनी हाताचा चिखल पुसला.

"तुम्ही शनिवारी निघालात की कुणीतरी दारात येऊन तुमचं काही बरंवाईट झाल्याचं सांगेल, याची वाटते. दर वर्षी वाटते. मला झोप लागत नाही. कधी चल म्हणाला असतात तर वाटली नसती."

घरमालकांचं पाठ केलेलं भाषण तयार होतं, पण त्यातला एक शब्दही त्यांना आठवला नाही. ते त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. चुकलो, असं म्हणाले, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हार त्यांच्याच हातात होता, तो घालायला त्यांना सुचेना, तेव्हा गिरणीवाल्यांनी त्यांना कोपराने ढोसलं. मग आम्ही ते मटण खाल्लं. ते थोडं गार झालं होतं, पण आम्ही पातेलं पुसून टाकलं.

पुढल्या वर्षी कुणीच नवं आलं नाही आणि नियमाप्रमाणे क्लब बंद झाला. ते जाहीर करताना घरमालक कोसळतील अशी आम्हाला धास्ती होती. त्यांनी ते दोन वाक्यांत उरकलं आणि ते घाईने निघून गेले, कारण बाई जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होत्या. दोघांना अर्नाळ्याला जायचं होतं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत दर शनिवारी ती दोघं कुठे ना कुठे निघालेली दिसत. चाकावर बाई असत, शेजारी घरमालक असत. दुसरा दांडा केव्हा ओढायचा ते ते सांगत आणि बाई ते ऐकत नसत.

दोघंही आता नाहीत. दूरच्या गावी मला कळायला उशीर झाला, शेवटचं भेटणं झालं नाही, याची रुखरुख अजून आहे. मी स्वतः कधी गाडी घेतली नाही. पण घरातून निघताना, अगदी कोपऱ्यावर भाजी आणायला निघालो तरी, मी आत डोकावून "येतेस का?" म्हणून विचारतो. बायको बहुतेक वेळा नाही म्हणते. कधीतरी हातातलं काम टाकते आणि चपला शोधायला लागते.