ताण घेऊ नकोस

मांडीचं हाड मोडून मी कर्वेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर अडकले, तेव्हा सोसायटीत लिफ्टचा विषय पुन्हा निघाला आणि नेहमीप्रमाणे बारगळला. खिडकीतून समोरच्या गॅलरीत वाळणारे पायजमे दिसत. तेवढंच माझं जग. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायची परवानगीही दिली, पण खुर्चीतून उठायला पायात बळच नव्हतं. मोडलेली मांडी दुसरीच्या जवळजवळ निम्मी झाली होती. आपण आता जिना उतरणार ते चौघांच्या खांद्यावरूनच, असं वाटायचं.

जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवल्यामुळे मांडीच्या आत काय चाललंय ते मला नको तितकं कळत होतं. स्नायूवर ओझं आलं की त्याच्या तंतूंना ताण बसतो. तो ओळखणारी प्रथिनं पेशीत असतात, ती आत निरोप धाडतात. मग एमटॉर नावाचं प्रथिन कामाला लागतं आणि त्याच्या इशाऱ्यावर रायबोसोम नवी प्रथिनं बनवू लागतात. तंतूंना चिकटून स्वस्थ पडलेल्या उपग्रह पेशीही जाग्या होतात, वाढतात आणि आपली केंद्रकं त्या तंतूंना देऊन टाकतात. ओझंच आलं नाही, तर बांधणी मंदावते. मोडतोड मात्र चालूच राहते.

आमच्याकडे ओझं येऊच देत नव्हते. यजमान बँकेतून निवृत्त झालेले. "तू ताण घेऊ नकोस, मी आहे ना," हे त्यांचं पालुपद. उठताना मला फार जोर लावायला नको म्हणून त्यांनी खुर्चीवर दोन उशा रचून बैठक उंच केली होती. मी जरा हलले की काखेत हात घालून उचलत. वर अंडी, पनीर, उसळी यांचा मारा. विटा-सिमेंट येऊन पडत होतं, गवंड्याला मात्र कुणी हाक मारत नव्हतं. मला भयंकर राग यायचा, आणि तो काढायचा कुणावर? शेजारणी येऊन म्हणत, "नशीबवान आहात हो!"

व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी बजावून गेली, "काकू, सपोर्ट न घेता उठायचं. मसलला ताण बसलाच पाहिजे."

"तिला काय जातंय सांगायला! पुन्हा पडलीस म्हणजे?" हे म्हणाले.

"उठलेच नाही, तर पडायचीसुद्धा सोय उरणार नाही," मी म्हटलं.

एका दुपारी हे चहा टाकायला गेले तशा मी कुशीवर कलत दोन्ही उशा खालून ओढून काढून फेकल्या आणि खुर्चीत खोल बसले. आवाज ऐकून हे धावत आले, हात पुढे करूनच.

"अहो, हात मागे घ्या."

त्यांनी घेतले. मी जोर लावला. मांडी थरथरली आणि मी धपकन पुन्हा खुर्चीत. पुन्हा तेच. रडू फुटलं, तरी मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्यांदा मात्र वाकडीतिकडी का होईना, उभी राहिले. मांडीत आग पेटली होती आणि मला वेड्यासारखा आनंद झाला होता.

"बघा! आता थोड्या दिवसांत जिना. भाजीसुद्धा माझी मी आणीन!"

त्यांनी उशा उचलल्या, झटकल्या आणि छातीशी धरून तसेच उभे राहिले.

"मग मी दिवसभर काय करू?" त्यांनी विचारलं. त्यात थट्टा नव्हती.