मशीनचं माहेर

आपट्याचं पान हातात आलं की मला दादांचं पाकीट आठवतं. दादा म्हणजे माझे वडील. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कारखान्यात ते जर्मनीहून आलेली बियाणं चाळायची मशीन चालवायचे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालून झाला, की एक पान पाकिटात घालून ते त्या जर्मन कंपनीला पोस्टानं पाठवायचे. उत्तर कधीच आलं नाही. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मशीनची चाळणी फाटली, म्हणून मी ती कंपनी इंटरनेटवर शोधायला बसलो. तिकडच्या दिवाळखोर कंपन्यांची सरकारी यादी कुणालाही बघता येते. तीत नाव सापडलं. कंपनी बुडून कैक वर्षं झाली होती. "म्हंजे हिला माहेरच राह्यलं न्हाई म्हण की," दादा म्हणाले, आणि सरकीच्या धुळीनं माखलेला हात मशीनवरून फिरवत राहिले. मग त्यांनी पाकिटाला तिकीट चिकटवलं. "आता कुणाला पाठवून राह्यलात, दादा?" "माहेरी कुणी न्हाई म्हणून पोरीनं तिकडं पाहायचं बी न्हाई का?" आता दादा नाहीत. परवा आपल्याकडच्या तसल्याच यादीत मला तो कारखाना सापडला. दसऱ्याला मी जालन्याला गेलो, आणि बंद फाटकाच्या फटीतून एक पान आत सरकवलं.