बादलीशेठची मान

आमच्या ह्यांना सगळा गाव बादलीशेठ म्हणायचा. पत्र्याच्या बादल्यांचा कारखाना, तोही शाळेला खेटून. दिवसभर पत्रा ठोकायचा नुसता दणदणाट. त्यात तीस वर्षं उभं राहून ह्यांचे कान गेले. पण कबूल करतील तर शपथ! म्हणे, "हल्ली लोकच हळू बोलतात."

अशा माणसाला निवडणुकीला उभं राहायची हौस आली. मी म्हटलं, "अहो, पुढाऱ्याला लोकांचं ऐकावं लागतं!" तर म्हणाले, "तू बसशील ना शेजारी." आणि आले की निवडून! कुठे आग लागो, नळ आटोत, ह्यांच्या बादल्या सगळ्यांच्या आधी पोचायच्या. मग मतं दुसऱ्या कुणाला पडणार?

सभेत मी चिकटून बसायची. 'हो' असेल तर एकदा कोपर मारायचं, 'नाही' असेल तर दोनदा. हे गंभीर चेहऱ्याने मान हलवणार. दवाखान्याला खोली, विहिरीला पायऱ्या, सगळं माझ्या कोपराने झालं आणि कौतुक मात्र ह्यांचं. घरी आल्यावर विचारायचे, "आज काय काय कबूल केलं गं मी?" आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचे.

एका सभेत मास्तरीणबाई उठल्या. "शेठ, राग मानू नका. आवाजापायी पोरांना माझं शिकवणं ऐकू येत नाही. कारखाना गावाबाहेर न्याल का?"

हे माझ्या कोपराची वाट बघत बसलेले. ती शेड ह्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलेली. उतारवयात सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं? शेवटी मी एकदाच कोपर मारलं.

ह्यांनी मान हलवली. टाळ्या वाजताना दिसल्या तसे खूश होऊन हसलेसुद्धा.

घरी सांगितलं, तर ताट बाजूला सारलं. "मला विचारायचंस तरी!"

"कसं विचारणार? गावासमोर कानात ओरडू?"

चार दिवस अबोला. मला वाटलं, झालं, आता हे शब्द फिरवणार.

पुढच्या सभेत मला शेजारी बसू दिलं नाही. एकटेच उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," हे म्हणाले. केवढ्यांदा! स्वतःच्या आवाजाचा अंदाजच नाही. "त्या कारखान्याने माझे कान नेले आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. मास्तरीणबाईंचा प्रश्न मला कळलाच नव्हता. 'हो' म्हणाली ती माझी बायको."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कळलाय. म्हणून आज मी स्वतः हो म्हणतो. कारखाना हलवतो, ती शेडही शाळेलाच घ्या. पोरांना नीट ऐकू येऊ दे."

मला रडू आवरेना. हे तिथूनच ओरडले, "अगं, रडतेस काय? चुकलं का माझं काही?"

मी उठले, सगळ्यांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि भर सभेत त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "नाही हो, काही नाही चुकलं!"