धोंडूआण्णांची चकमकीची बंदूक

लोहाराच्या भट्टीपाशी दोन गोष्टी हमखास साठतात, राख आणि किस्से. राख निदान बायका भांडी घासायला घेऊन जातात. किस्से तिथंच पडून राहतात आणि येणारा-जाणारा त्यांत आपली चिमूट घालून उठतो. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातल्या आमच्या गावात इस्माईलचाचांची भट्टी होती. मी गावचा सुतार, त्यामुळं माझा अर्धा दिवस तिथंच जायचा. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत धोंडूआण्णांची बंदूक तिथं दुरुस्तीला आली आणि त्या एका पावसाळ्यानं आम्हाला जन्माचे किस्से पुरवले.

बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायची. आण्णांच्या आजोबांनी ती घरीच बनवलेली. आण्णांचं भाताचं खाचर रानाला लागून होतं. आदल्या साली रानडुकरांनी ते इतकं लोळवलं, की घरात देवाच्या नैवेद्यापुरता तांदूळ आला. यंदा भात पोटरीला, म्हणजे लोंब्या धरायला, यायच्या आत बंदूक वाजायलाच हवी होती. पण चापाच्या घोड्याखाली ठेवायच्या, घोडा आपटला की पेटणाऱ्या तांब्याच्या टोप्या कुठंच मिळेनात. नगरच्या दुकानदारानं सांगितलं, सगळा माल लढाईवर गेला. तेव्हा चाचा म्हणाले, टोपी नसंल तर नसू दे, आपण ही गारगोटीच्या ठिणगीवर चालवू.

*

या बंदुकीनं आजोबांनी वाघ मारला, हे आण्णा सगळ्या गावाला ऐकवून चुकले होते. चाचांनी नळी साफ करायला घेतली तर आत काहीतरी अडकलेलं. पाणी ओतून, गज फिरवून शेवटी बाहेर काढलं, तर चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी! आजोबांच्या हातची, न उडालेली.

आमच्यात एक हवालदार होते, पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांनी गोळी निरखून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजी वाघ नुसता बंदूक बघूनच मेला जनू."

आण्णा जराही डगमगले नाहीत. "त्यो आदीच मेलता," ते म्हणाले. "ही दुसऱ्यासाठी भरून ठिवली हुती."

*

जुना लाकडी दस्ता वाळवीनं खाल्लेला. नवा शिसवीचा मी करून देणार होतो. लाकूड आखलं आणि जेवायला घरी गेलो. परत येऊन बघतो तर माझी करवत गायब. विलायती पोलादाची, बापानं मला दिलेली करवत!

घोडा जोरात आपटायला पोलादी कमान हवी होती आणि तसं पोलाद लढाईत मिळत नव्हतं. चाचांनी माझ्या करवतीची पट्टी कापून, तापवून, वाकवून कमान तयारसुद्धा केली होती. मला रडू यायचंच बाकी होतं. आता दस्ता कशानं कापू, मी विचारलं.

"आदी कापायचा हुतास," चाचा भाता ओढत म्हणाले.

सगळा दस्ता मग मी वाकसानं तासला. तो जरासा वाकडा आहे, असं आण्णा अजून म्हणतात. करवतीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

*

चाप ओढला की घोड्याच्या दाढेतली गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटायची, खालच्या वाटीत ठिणगी पडायची आणि वाटीतली दारू पेटून आग नळीत शिरायची. ही गारगोटी हवालदारांची. त्यांची विडी पेटवायची चकमक आम्ही फार मनधरणी करून मागून घेतली होती. काड्यापेट्या तर तेव्हा दिसेनाशाच झालेल्या. मग हवालदार विडी तोंडात धरून रोज भट्टीवर येऊ लागले. वाटीत शेवरीचा कापूस ठेवायचे, चाप ओढायचे, आणि विडी पेटवून झाडाखाली बसायचे.

त्यांचं बघून निम्मं गाव विड्या पेटवायला येऊ लागलं. चाचा वैतागले आणि बंदूक आण्णांच्या घरी देऊन टाकली. तिथं कोंडावैनींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोनं, तिच्यावर रोज सकाळी चूल पेटवायला सुरुवात केली. आण्णांना हा बंदुकीचा अपमान वाटे. पण चहा ते त्याच चुलीवरचा पीत.

*

पहिला बार खळ्यावर काढायचा ठरला. गाव जमलं. आण्णांनी ऐटीत बंदूक उचलली आणि डाव्या खांद्याला लावली.

तेव्हा आम्हाला उमगलं. आण्णा डावखुरे! पूर्वी बंदुकीची टोपी नळीच्या वर मधोमध बसायची, त्यामुळं फरक पडत नव्हता. आम्ही गारगोटी, वाटी, सगळं उजव्या अंगाला बसवलं होतं, म्हणजे नेमकं आण्णांच्या तोंडासमोर. माणूस जन्मभर शेजारी बसलेला, पण आम्ही त्याला बघितलेला जेवताना, आणि जेवायला तो उजवा. मी थांबा म्हणेपर्यंत जाळ झाला. अर्धी मिशी गेली. गोळी कुठं गेली ते कळलंच नाही.

पुन्हा सगळं डावीकडं घ्यायला वेळ नव्हता. भात पोटरीला आला होता आणि बांधावर डुकरांचे ताजे माग दिसत होते. आण्णा काठी घेऊन उजव्या खांद्याचा सराव करू लागले. मला त्यांची खरंच काळजी वाटत होती.

*

एका तिन्हीसांजेला आण्णा, हवालदार आणि मी ठासलेली बंदूक घेऊन खाचराच्या बांधावर बसलो होतो. कोंडावैनी भाकरीची पाटी घेऊन नुकत्याच आल्या होत्या. एवढ्यात झाडी हलली आणि डुकरांचा कळप बाहेर पडला. पुढं भला मोठा सुळेवाला.

आण्णांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. मग आठवण झाली म्हणून उजव्या खांद्याला घेतली. मग बहुधा मिशी आठवली, कारण त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले. डुक्कर भातात शिरलं.

वैनींनी पाटी खाली ठेवली, आण्णांच्या हातातून बंदूक घेतली आणि चाप ओढला. जाळ झाला, बार झाला, बांधावर धूरच धूर. तो विरला तेव्हा सुळेवाला बांधाला आडवा पडला होता आणि बाकीचा कळप डोंगर चढत होता. भात जिथल्या तिथं उभा होता.

हवालदारांनी विचारलं, "वैनी, येवढा जाळ तोंडाशी झाला, तुमी डोळं कसं मिटलं न्हाईत?"

वैनी भाकरीवरची राख फुंकत होत्या.

"रोज सकाळी चूल पेटवतीया की मी हिच्यावर," त्या म्हणाल्या. "आज धूर जरा लई झाला."