पहिलं नाव

फिजिक्सवाल्यांच्या घरात किस्से धुळीसारखे साचतात. कितीही झटका, सकाळी पुन्हा आहेतच! चंदीगडच्या आमच्या क्वार्टरमध्ये खात्यातला जो तो चहाला यायचा आणि उठताना एखादा किस्सा मागे ठेवून जायचा. ऐकायला बरे वाटतात. भोगायला नव्हते.

माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी आमच्या ह्यांच्या पेपरांची प्रुफं वाचून शिकले. त्यामुळे मला 'न्यूक्लियस' आधी आला आणि 'नॅपकिन' नंतर! हे युनिव्हर्सिटीत रीडर होते. पुढची पायरी प्रोफेसरची. त्या माणसाचं आयुष्याकडे तेवढं एकच मागणं होतं.

*

एक दिवस हेडसाहेबांनी फर्मान काढलं. "माणूस किती मोठा, ते आता सायटेशनवर ठरेल." म्हणजे जगात इतरांनी तुमच्या पेपरचा दाखला किती वेळा दिला, ते मोजायचं. त्याचे विटेएवढे जाड ग्रंथ लायब्ररीत यायचे. अक्षर मुंगीएवढं. मी भिंग घेऊन बसले. सगळं पालथं घातलं, ह्यांचं नाव कुठे नाहीच!

लायब्रेरियन म्हणाला, "भाभीजी, पेपरवर ज्याचं नाव पहिलं, त्याच्याच नावाखाली सापडेल."

झालं! ह्यांचा रिवाज असा, की मायक्रोस्कोपला डोळे लावून जो बसला, त्याचं नाव पहिलं. स्वतःचं शेवटी. घरी येऊन मी कडाडले, "अहो, जग शाबासकी देतंय, तुम्ही पत्ता विद्यार्थ्याचा दिलात!"

हे शांतपणे म्हणाले, "डोळे त्याने फोडले. नाव माझं कसं लावू?"

*

तो विद्यार्थी म्हणजे गुरमीत सिंग. चंदीगडजवळच्या खरड गावाहून बसने यायचा. मराठीतला एकच शब्द त्याने उचलला होता, 'काकू'. पुरणपोळी दिसली की, "काकू, वो मीठा वाला परांठा!"

एकदा तिसरी पोळी वाढताना मी म्हटलं, "खा बाबा. माझ्या नवऱ्याची प्रोफेसरी तुझ्याच नावाखाली दबलीय."

पोरगा पगडीपर्यंत लाल झाला. "काकू, अगले पेपर में सर का नाम पहले. पक्का!"

लिहिलंही तसंच. सरांनी पेन काढलं आणि नावं पुन्हा उलटी केली!

*

मग निघालं कोलॅबरेशनचं खूळ. परदेशी लॅबबरोबर काम हवं. होतं की! जर्मनीहून काचेच्या प्लेटा यायच्या, कणांचे माग टिपलेल्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या. न धुतलेल्या फिल्मसारख्याच. उजेड लागला की मेल्या.

पंजाब पेटलेला होता. आज कर्फ्यू, उद्या नाकाबंदी. पार्सल घेऊन येताना नाक्यावर ह्यांना अडवलं. हे हात जोडून सांगतायत, "भाईसाब, अंधेरे में खोलिए!" अंधारात खोला म्हटल्यावर हवालदाराचा संशय पक्काच की! त्याने भर उन्हात एकेक प्लेट वर धरून पाहिली. मग हसून सगळं परत दिलं.

"मुबारक हो जी, कुछ नहीं निकला!"

*

त्यावर त्या लॅबचे जर्मन साहेब म्हणाले, मीच प्लेटा घेऊन येतो. पण गोऱ्या माणसालाही तेव्हा इकडे यायला खास परवाना लागे. परवाना निघाला, तोवर साहेब रिटायर! हेडसाहेबांनी ह्यांच्या फाइलवर शेरा मारला, 'परदेशी सहकार्य नाही.'

हेडसाहेबांचं स्वतःचं नाव मात्र एका परदेशी पेपरवर, शंभरेक नावांच्या गर्दीत. मी तोंडावर विचारलं, "ह्या वऱ्हाडात तुम्ही कोण? नवरदेव की बँडवाले?"

जराही न लाजता म्हणाले, "भाभीजी, गिनती में सब बाराती बराबर!"

*

गुरमीतची पीएचडी झाली. मायक्रोस्कोप सोडवत नव्हता म्हणून तो इथेच राहिला. एका संध्याकाळी खरडच्या बसवर गोळ्या चालल्या. तो त्या बसमध्ये होता. गोळ्या कोणी झाडल्या, ते आजही दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतात.

हे त्याच्या मायक्रोस्कोपवर कापड घालून घरी आले. त्या होळीला मी पुरण शिजवलं नाही. त्यानंतरच्याही नाही.

*

प्रोफेसरीचा इंटरव्ह्यू त्यानंतर दोनेक वर्षांनी झाला. दिल्लीहून कोणी मोठे एक्स्पर्ट आले होते. मी बाहेर बाकावर. कूलर बंद पडलेला, खिडकी सताड उघडी, शब्द न् शब्द ऐकू येत होता. ग्रंथाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"डॉक्टरसाहब, आपके नाम पर तो कुछ भी नहीं है."

"जी."

पुन्हा पानं.

"पण हा सिंग कोण? तुमच्याच खात्याचा दिसतो. दरवर्षी ह्याचे दाखले वाढतायत! हेडसाहब, इसको क्यों नहीं बुलाया?"

हेडसाहेब खाकरले.

"कमाल है! अहो, प्रोफेसर तर ह्याला करायला हवं!"

खुर्ची सरकली. हे उभे राहिले असावेत.

"बिलकुल, सर," हे म्हणाले. "उसी का नाम पहले लिखिए."